प्रश्न कोण काढतो?

(वस्तीतल्या तरुणांच्या सामान्यज्ञान स्पर्धेच्या बक्षीस समारंभात केलेलं भाषण)



बक्षिसं वाटायला लोक प्रोफेसर बोलावतात, नाहीतर एखादा नगरसेवक. तुम्ही गोदीतला कामगार बोलावलात. माझं शिक्षण मॅट्रिक. तेव्हा मी इथं ज्ञान पाजळायला उभा नाही. तुमच्या स्पर्धेचा पेपर मी काल रात्री वाचून काढला. शंभर प्रश्न. त्या प्रश्नांवरच बोलणार आहे.

प्रश्न चांगले आहेत, उत्तरंही बरोबर आहेत. जगातलं सर्वांत उंच शिखर? एव्हरेस्ट. देशातली पहिली प्रवासी रेल्वे? बोरीबंदर ते ठाणे. पाण्याचं सूत्र? एच-टू-ओ. अजिंठ्याची लेणी कोणी शोधली? जॉन स्मिथ. पनामा कालवा कधी खुला झाला? १९१४. हे सगळं पाठ करा. घरात जागा नसेल तर विहारात बसा, विहार बंद असेल तर रस्त्यावरच्या दिव्याखाली बसा, पण पाठ करा. कारण असल्या शंभर प्रश्नांच्या चाळणीतून गेल्याशिवाय तुम्हाला तलाठी होता येत नाही, पोलिसात शिरता येत नाही. आणि आपल्या राखीव जागा रिकाम्या ठेवायला ‘लायक उमेदवार मिळाला नाही’ हे चार शब्द या देशात वर्षानुवर्षं फायलींवर लिहिले गेलेत. ते शब्द लिहिणाऱ्याच्या हातातलं पेन काढून घ्यायचं तर आधी शंभरात नव्वद घ्यावे लागतात. यात कवितेचं काही काम नाही. हा पोटाचा मामला आहे.

पण पेपर वाचताना माझ्या डोक्यात एक किडा वळवळायला लागला. सामान्यज्ञान म्हणजे काय? सामान्य म्हणजे सगळ्यांचं. मग या शंभर प्रश्नांत राजे आहेत, लाटसाहेब आहेत, शास्त्रज्ञ आहेत, चित्रकार आहेत, आणि तुमचा बाप कुठाय? तुमची आई कुठाय? जसं काही हे जग आपोआप बांधून झालं आणि साहेबानं येऊन फक्त फीत कापली. उत्तरात खोट नाही हो. खोट आहे ती प्रश्न जिथं थांबवलाय तिथं. कुठं थांबायचं हे जो ठरवतो, तोच इतिहास ठरवतो. म्हणून आज मी तुमच्याच पेपरातले चार-सहा प्रश्न घेणार आणि ते जिथं थांबलेत तिथून एकेक पाऊल पुढं टाकणार.

पहिला एव्हरेस्टचा. हे नाव जॉर्ज एव्हरेस्ट या सर्व्हेयर जनरलचं. साहेब १८४३ला निवृत्त होऊन गेला. शिखराचं गणित सुटलं १८५२ला, आणि ते सोडवलं राधानाथ सिकदर या बंगाली माणसानं. लांबलांबच्या ठिकाणांहून यंत्रानं घेतलेले कोन, हवेतून येताना उजेड वाकतो त्याचा हिशेब, हे सगळं कागदावर मांडून निघालं की यापेक्षा उंच शिखर जगात नाही. उंची जाहीर झाली २९,००२ फूट. २०२०ला नेपाळ आणि चीननं मिळून नवी उंची जाहीर केली, ८,८४८.८६ मीटर, म्हणजे २९,०३१ फूट आणि वर थोडे इंच. दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी कागद-पेन्सिलीवर केलेला हिशेब, आणि फरक तीस फुटांचा! १८६५ला शिखराला नाव मात्र साहेबाचं लागलं. खुद्द एव्हरेस्टनंच हरकत घेतली होती की इथल्या लोकांच्या जिभेवर हे नाव बसणार नाही. सर्वेक्षणाचं एक सरकारी पुस्तक होतं, त्यातला अवघड गणिताचा भाग सिकदरनं लिहिलेला. १८५१च्या आवृत्तीत त्याचे आभार मानलेले होते. सिकदर १८७०ला वारला आणि १८७५च्या आवृत्तीतून त्याचं नाव गेलं. मेलेला माणूस भांडायला येत नाही.

एवढं हल्ली गाइडातसुद्धा सापडतं. अजून एक पाऊल पुढं चला. साल १८४३, गाव डेहराडून. तिथला मॅजिस्ट्रेट सर्वेक्षण खात्याच्या माणसांना बेगारीला धरायचा, आपलं ओझं फुकट वाहायला लावायचा. सिकदर आडवा गेला. खटला झाला. दंड कुणाला? सिकदरला. दोनशे रुपये. १८४३चे दोनशे! हा माणूस आपल्या जातीचा नव्हता, आपल्या वस्तीचा नव्हता, पण ओझं वाहणाऱ्यासाठी साहेबाला नडला. एव्हरेस्ट मोजणारा कोण, याला एक मार्क आहे. हमालासाठी दंड भरणारा कोण, हा प्रश्न मी अजून कुठल्या पेपरात बघितलेला नाही.

आणि ते ओझं काय होतं? कोन मोजायचं यंत्र, त्याला थिओडोलाइट म्हणतात. त्यातलं सर्वांत मोठं अर्ध्या टनाचं. पाचशे किलो. उचलायला बारा माणसं लागायची. बारा माणसांचं ओझं म्हणजे काय ते मला विचारा. एक खांदा ढिला पडला की अकरांच्या पाठीत चमक भरते. देशभर डोंगरावरून डोंगरावर, जंगलातून, चिखलातून ते यंत्र फिरलं ते माणसांच्या खांद्यावरून. हिमालयाची उंची आधी त्या खांद्यांनी मोजली, मग कागदानं.

दुसरा प्रश्न रेल्वेचा. १६ एप्रिल १८५३, २१ मैल, १४ डबे, ४०० पाहुणे. इंजिनं तीन : साहिब, सिंध आणि सुलतान. मघाशी एका पोरानं ही तिन्ही नावं श्वास न घेता सांगितली, त्याला टाळ्या पडल्या. बरोबरच आहे. पण बघा, लोखंडाचं बारसं झालं आणि ते नाव आपण पावणेदोनशे वर्षं पाठ करतोय. ठाण्याच्या पुढं काय झालं? पुढं आला बोरघाट. १८५६ला काम सुरू झालं, गाडी घाट चढली १८६३ला. २५ बोगदे. ऐन भरात चाळीस हजारांवर माणसं त्या कड्यांवर राबत होती. सुरुंग, दरडी, पटकी. ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ला विलायतेहून आला आणि थोड्याच दिवसांत आजारानं मेला. त्याची बायको अ‍ॅलिस हिनं तो ठेका चालवला. बाईची हिंमत मोठी, तिचं नाव घ्यावंच. पण त्याच १८५९च्या जानेवारीत, मजुरी थकली म्हणून घाटातल्या कामगारांनी दंगा केला होता, हे कुठल्या गाइडात आहे? दंगा केलेल्या एकाचं तरी नाव आपल्याला शिकवलं? आज त्या बोगद्यांतून आपण गाडीनं जातो, पोरं अंधारात आरडाओरडा करतात. कुणाच्या अंगावरून जातोय ते ठाऊक नसतं.

आता कुणी म्हणेल, बाबा रे, हजारो मजुरांची नावं कोण लिहून ठेवणार? शक्य तरी आहे का? तर त्याच डोंगराच्या माथ्यावर चला. लोणावळ्याच्या पुढं, कार्ला. एकवीरेच्या जत्रेला जाता ना, तिथंच ते चैत्यगृह आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचं, बौद्ध भिक्खूंचं. तिथल्या दगडात ब्राह्मी अक्षरं आहेत. वैजयंतीच्या भूतपाल नावाच्या शेठनं हे जंबुद्वीपातलं उत्तम लेणं पुरं केलं, असं एके ठिकाणी कोरलंय. शेठजीचं नाव असणारच, पैसा त्याचा. पण दाराशी बघा. तिथं कोरलंय की हे दार केलं धेनुकाकट गावच्या सामीनं, वेणुवासाच्या मुलानं. आणि हा सामी कोण? सुतार! गाव, बापाचं नाव, धंदा, सगळं दगडात. दोन हजार वर्षांपूर्वी बुद्धाच्या संघाला सुतार लिहिता आला. १८६३ला छापखाने होते, वर्तमानपत्रं होती, पगाराची पुस्तकं होती, आणि बोरघाटचा पाथरवट आपल्यापर्यंत पोचला नाही. तेव्हा शक्य-अशक्यची गोष्ट मला सांगू नका. माणूस मोजायचा की नाही, एवढीच ती गोष्ट आहे.

लेण्यावरून अजिंठा आठवला. पेपरातलं उत्तर : जॉन स्मिथ, मद्रासच्या फौजेतला अधिकारी, २८ एप्रिल १८१९. शिकारीला आला होता. दहाव्या लेण्यात शिरला आणि भिंतीवरच्या चित्रावर त्यानं आपलं नाव आणि तारीख खरवडून ठेवली. अजून आहे ते. म्हणजे ज्यांनी भिंत रंगवली त्यांना मार्क नाही, ज्यानं ती खरवडली त्याला एक मार्क. आणि ‘शोधली’ म्हणजे काय रे? आसपासच्या गावांतली माणसं काय आंधळी होती?

आता पाणी. एच-टू-ओ. १७८३ला पॅरिसमध्ये लाव्हाझिए या शास्त्रज्ञानं दाखवून दिलं की पाणी हे मूलद्रव्य नाही, हायड्रोजन आणि ऑक्सिजन मिळून ते बनतं. विज्ञानाचा प्रश्न इथं संपतो. आपला सुरू होतो. १७८३मध्ये १४४ मिळवा. १९२७. २० मार्च, महाड, चवदार तळं. मुंबई कौन्सिलात बोल्यांचा ठराव १९२३ला झालेला होता, महाडच्या नगरपालिकेनं १९२४ला तळं सगळ्यांना खुलं केलेलं होतं. कागदावर. बाबासाहेबांनी ओंजळ भरली, पाठोपाठ हजारोंनी भरली. नंतर आपल्या माणसांची डोकी फुटली. आणि मग तळं ‘शुद्ध’ करून घेतलं. १०८ घागरी, त्यात शेण, गोमूत्र, दही, दूध, आणि वर मंत्र. मला विज्ञानाच्या मास्तरांना एवढंच विचारायचंय, सर, त्या सूत्रात शेण नेमकं कुठं बसतं? एचच्या अलीकडं की ओच्या पलीकडं?

प्रकरण कोर्टात गेलं. तळं खाजगी आहे म्हणाले, पूर्वापार वहिवाट आहे म्हणाले. हायकोर्टाचा निकाल आपल्या बाजूनं लागला १७ मार्च १९३७ला. मोजा. दहा वर्षांना तीन दिवस कमी. ओंजळभर पाण्याला दहा वर्षं! आणि ज्यांना निव्वळ गंमतीचे प्रश्न आवडतात त्यांच्यासाठी एक देतो. १९२२ला अहमदाबादला गांधींना सहा वर्षांची शिक्षा सुनावणारा न्यायाधीश कोण? ब्रूमफील्ड. हे पुस्तकात असतं. चवदार तळ्याचा हायकोर्टाचा निकाल देणारा कोण? तोच ब्रूमफील्ड. हे नसतं. माणूस एक, खुर्ची एक, पण अर्धंच सामान्यज्ञान झालं.

पाण्याचं हे दुखणं आपल्याच देशाचं आहे असं समजू नका. पनामा कालवा घ्या. अमेरिकेनं १९०४ ते १९१४ तो खणून पुरा केला. दोन महासागर जोडले, जहाजांचा दक्षिण अमेरिकेचा अख्खा वळसा वाचला. पण पगाराच्या याद्या दोन होत्या. एक गोल्ड रोल, एक सिल्व्हर रोल. सोन्याच्या यादीत गोरे अमेरिकन, चांदीच्या यादीत बार्बाडोस, जमैका अशा बेटांवरून आणलेले काळे मजूर. पगाराला रांग वेगळी, पोस्टाची खिडकी वेगळी, प्यायच्या पाण्याचा नळसुद्धा वेगळा. पनामा कुठं आणि महाड कुठं, पण नळ बघा कसा ओळखीचा वाटतो. त्या दहा वर्षांत नोंदलेले मृत्यू ५,६०९. त्यांतले बहुतेक चांदीवाले.

आणि आपल्याकडं नुसते हात आहेत, डोकं नाही, असं कुणी म्हणालं तर त्याला व्हॅनिलाचं आइस्क्रीम खायला घाला. ते झाड मेक्सिकोकडचं. बाहेर नेलं तर वेल वाढायची, फूल यायचं, शेंग मात्र धरायची नाही, कारण परागकण पोचवणारा तिथला कीटक बाहेर नव्हता. युरोपातले मोठमोठे वनस्पतिशास्त्रज्ञ डोकं खाजवत बसले होते. १८४१ला हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटावर एका बारा वर्षांच्या गुलाम पोरानं एक बारीक काडी घेतली, फुलातला पडदा उचलला आणि अंगठ्यानं पराग दाबून बसवला. शेंग धरली. नाव एडमंड. गुलाम म्हणून आडनावच नव्हतं. १८४८ला गुलामी गेली तेव्हा अल्बियस हे आडनाव चिकटवलं गेलं. आजही मळ्यांत व्हॅनिलाचं फूल त्याच पद्धतीनं, हातानं फळवतात. मळेवाले श्रीमंत झाले, एडमंड १८८०ला गरिबीत मेला. गुलामाच्या पोराला हे सुचणारच नाही, एका फ्रेंच शास्त्रज्ञानं शिकवलं असेल, असंही मागाहून म्हणून बघितलं लोकांनी. लायक उमेदवार मिळाला नाही, दुसरं काय!

आता माझ्या गोदीचा प्रश्न. तुमच्या पेपरात आहे तो : राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन कधी? १४ एप्रिल. आपल्या वस्तीतल्या शेंबड्या पोरालाही १४ एप्रिल माहीत असतो, पण तो दुसऱ्या कारणानं. निळे झेंडे, मिरवणूक, ढोल. ते कारण पहिलं, ते राहणारच. पण साल १९४४ घ्या. बाबासाहेब त्रेपन्न वर्षांचे झाले तो दिवस. दिल्लीला व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं त्यांच्याकडं होतं. आणि इथं मुंबईत व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज लागलेलं होतं. इंग्लंडहून कराचीमार्गे आलेलं. पोटात सुमारे १,४०० टन दारूगोळा, त्याच जहाजात कराचीला भरलेल्या कापसाच्या गाठी, आणि सोनं. दारू, कापूस आणि सोनं, अख्खं साम्राज्य एका जहाजात कोंबलेलं. दुपारी कापूस धुमसायला लागला. बंब आले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी जहाज फुटलं. अर्ध्या तासानं दुसरा धमाका. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची नोंद झाली. आगीचे लोळ गोदीतून शहरात गेले.

आता आकडे ऐका, हे मी हळू सांगतो. सोनं किती होतं? ३१ पेट्या, पेटीत चार, विटा मोजून १२४. गोदीच्या गाळातून पुढं कित्येक वर्षं त्या विटा निघत राहिल्या आणि हिशेबाला लागत राहिल्या. अग्निशमन दलाचे जवान किती गेले? मोजून ६६. सलाम त्यांना, आगीला पाठ न दाखवता गेले. आणि बाकीची माणसं धरून एकूण मेले किती? पुस्तकं म्हणतात, ८०० ते १,३००.

८०० ते १,३००! मधल्या पाचशेंचं काय? पाचशे माणसं होती की नव्हती, हेच या शहराला सांगता येत नाही. एका विटेचा फरक आला असता तर चौकशी बसली असती. पाचशे माणसांचा फरक आला आणि त्याला ‘अंदाजे’ म्हणून पुस्तक मिटलं. का असं झालं ते मला पुस्तकातून शिकायची गरज नाही. त्या काळात गोदीत मजूर रोजंदारीवर उचलायचे. टोळीवाला सकाळी फाटकावर बोट दाखवणार, तू ये, तू ये, तू नको. ज्याचं नाव सकाळी हजेरीला नाही, ते संध्याकाळी मेलेल्यांच्या यादीत कुठून येणार? गोदी कामगारांची नोंदणी करायचा कायदा झाला १९४८ला. चार वर्षं उशिरा. आणि आज कंत्राटी पद्धतीनं पुन्हा तेच बोट फाटकावर आलंय, हे इथं बसलेल्या निम्म्या लोकांना मी सांगायला नको.

म्हणून म्हणतो, सामान्यज्ञान हा खेळ नाही. कुणाला मोजायचं आणि कुणाला अंदाजे ठेवायचं, त्याचा तो सराव आहे. आपण अंदाजे राहिलेली माणसं आहोत.

मग करायचं काय? गाइडं जाळायची? अजिबात नाही. जाळण्यासारखं पुस्तक होतं ते महाडला २५ डिसेंबर १९२७ला जाळून झालंय. गाइड वाचा, मार्क मिळवा, खुर्चीत जाऊन बसा. पण सोबत दुसरी वही ठेवा. प्रत्येक छापील प्रश्नाच्या पुढचा एक प्रश्न तिच्यात लिहा. हातानं मैला उपसायला बंदी करणारा कायदा कधी झाला? १९९३, आणि पुन्हा नवा २०१३ला. हा पहिल्या वहीतला. मग त्याच्यानंतरही गटारात उतरून गुदमरून मेलेला माणूस कोण, त्याचं वय काय, त्याला खाली उतर म्हणून सांगणारा ठेकेदार कोण? हा दुसऱ्या वहीतला. गिरण्यांचा संप कधी सुरू झाला? १८ जानेवारी १९८२. तुझा आजा तेव्हा कुठल्या खात्यात होता, पाळी कुठली, हिशेबाचे पैसे मिळाले की नाही? जा, विचार त्याला. तो खोकत खोकत सांगेल, पण सांगेल. उशीर केलास तर तेही जाईल.

फक्त एक अट आहे. या वहीत फुगवलेलं काही चालणार नाही. आपल्या स्टेजवरसुद्धा आकडे फुगतात, टाळ्यांसाठी फुगतात. कोरेगावला जाता ना १ जानेवारीला? नुसतं अभिवादन करून परत येऊ नका. स्तंभावर १ जानेवारी १८१८च्या लढाईत पडलेल्यांची नावं कोरलेली आहेत. ‘नाक’ने संपणारी नावं बोट लावून मोजा, वाचा, उतरवून घ्या. कोरलेलं एक नाव शंभर घोषणांपेक्षा जड असतं. त्यांनी आपल्याला गाळलं म्हणून आपण खोटं भरायचं नाही. साल पाहिजे, गाव पाहिजे, नाव पाहिजे, आणि कागद नाहीतर जिवंत माणूस पुरावा पाहिजे. आपला मुद्दाच मुळी बरोबर मोजायचा आहे.

आता बक्षिसं. पहिलं बक्षीस एका मुलीला आहे, तिला ९१ मार्क आहेत. पोरी, तुझं पेन तुला देतोच, पण त्याच्यासोबत एक काम देतो. पुढच्या वर्षीचा पेपर तू काढायचास. शंभरातले पन्नास गाइडातले ठेव, पोरांना नोकऱ्या लागल्या पाहिजेत. उरलेले पन्नास या वस्तीतून गोळा कर. नळावरून, नाक्यावरून, म्हाताऱ्यांच्या तोंडून. मी उत्तरं द्यायला येईन. नापास झालो तरी चालेल, पण पेपर अवघड काढ.

जयभीम.